सासऱ्यांचं तळं

हे मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही. तिचे वडील गोंदियाकडच्या एका खेड्यात राहायचे. दर सुट्टीत आम्ही गेलो की ते मला विचारायचे, "जावईबापू, पहाटे तळ्यावर येता का जी? सारस दाखवतो." मी पांघरुणातूनच म्हणायचो, "तळं आमच्या पाषाणलाही आहे." ते हसायचे आणि एकटेच सायकल काढायचे.

ते जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा हिंजवडीच्या ऑफिसात डबा खाताना कुणा हौशी माणसाचा एक व्हिडिओ समोर आला. तळ्यावरचं धुकं हळूहळू विरलं आणि माणसाएवढे उंच दोन पक्षी, लाल मानेचे, पंख पसरून एकमेकांसमोर नाचायला लागले. इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. घास हातातच राहिला. मग खाली गावाचं नाव आलं. सासऱ्यांचंच गाव.

शेजारच्या मुलीने डोकावून विचारलं, "सर, कुठली कंट्री?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

त्यांची माफी मागायची वेळ गेली. बायकोला हे सांगायचं आणि तिच्याबरोबर पहाटे त्या तळ्यावर जायचं, एवढं माझ्याकडून अजून बाकी आहे.