आधी चांगलं, मग सुधारणा

शाळामास्तराला किस्से शोधत फिरावं लागत नाही. खडूच्या भुकटीसारखे ते रोज अंगावर पडतात, झटकले तरी थोडे राहतातच! नव्वदच्या दशकात मी पोलादपूरकडच्या एका शाळेत आठवीला मराठी शिकवायचो, तेव्हाचे हे काही.

एका शिबिरातून मी नवी कल्पना घेऊन आलो. एकानं निबंध वाचायचा, बाकीच्यांनी अभिप्राय द्यायचा. नियम एकच : आधी चांगलं सांगायचं, मग सुधारणा.

पहिलाच निबंध संपला आणि बाळाराम उठला. डोंगरावरच्या वाडीतला, सकाळी गुरं सोडून शाळेत येणारा. तोंडाचा फटकळ.

"शाई चांगली हाय, सर."

"आणि सुधारणा?"

"बाकी सगळं!"

*

पोरं पक्की. चांगलं काय, तर प्रत्येकाला "अक्षर छान आहे." वैतागून मी अक्षराचं कौतुक बंद केलं.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाला "मार्जिन सरळ आहे!"

*

बाजारपेठेतल्या दुकानदाराची मनीषा 'गाय' वाचत होती. "गाय हा गरीब प्राणी आहे."

बाळाराम म्हणाला, "वाचलंस झकास. पन एकदा आमच्या गोठ्यात ये गो, मंग गरीब लिव!"

मनीषा जिद्दीची. रविवारी खरंच वाडीवर गेली. सोमवारी लंगडत आली आणि नवा निबंध वाचला. पहिलं वाक्य : "गाय लाथ मारते."

त्या दिवशी कोणालाच सुधारणा सुचली नाही.

*

एकदा बाळारामची आई शाळेत आली.

"गुरुजी, पोराला शिकवलंय काय तुमी? जेवायला बसला आन म्हनतो, 'आये, भाकर गोल हाय. सुधारणा : कालवनात मीठ नाय!'"

मी ओशाळलो. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्या सांगितलं, 'खातोस चांगला. सुधारणा : ताट घास!'"

*

आमच्या वर्गात संगीता होती. अबोल. तिचे बाबा मुंबईला गेले ते कित्येक वर्षं गणपतीलाही आले नव्हते. पत्र नाही, निरोप नाही. साऱ्या गावाला ठाऊक होतं.

तिनं एकदा आपणहून हात वर केला. निबंध होता 'माझे बाबा'.

"माझे बाबा दर शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं घरी येतात. जेवण झालं की मला जवळ बसवून गणितं सोडवून घेतात..."

वाचून झालं. नेमका बाळाराम उठला! मी त्याला खाली बस म्हणून खूण केली, पण त्याचं लक्षच नव्हतं.

"चांगलं हाय," तो म्हणाला.

"सुधारणा... बाबा येताना हातातनं काय आनतात, ता लिवलं नाय. तेवढं घाल."

संगीतानं मान हलवली, खाली बसली आणि लिहायला लागली.