बोटभर रिकामा फेरा

जालन्यात जुन्या लोखंडाला दोनच वाटा. कुणी तरी त्याचं काही घडवायचं, नाही तर भट्टीत घालून पुन्हा लोखंड करायचं. बद्रीनाथशेठच्या वर्कशॉपातल्या मिलिंग मशीनला तिसरी वाट मिळाली. तिला कॉम्प्युटर बसला.

मशीन भंगारातून वजनावर आणलेली. बद्रीनाथच्या वडिलांनी ती ट्रकमधून उतरवली तेव्हा तिचा मूळ रंगही ओळखू येत नव्हता. रहमतुल्लाने तिला रॉकेलने धुतलं, दीड महिना तिच्यापाशी बसून चालती केली, आणि पुढची बावीस वर्षं तिची हँडलं त्याच्याशिवाय कुणी फिरवली नाहीत. बियाणं साफ करायच्या यंत्रांसाठी तो लोखंडात बेअरिंगची घरं कोरायचा. घर असं उतरायचं की बेअरिंग अंगठ्याने दाबलं की आत जाऊन बसायचं. "मशीन कुठली, रहमतुल्लाचा हात हाय तो," असं लोक म्हणत. तो मान खाली घालून ऐकायचा, पण शेवटपर्यंत ऐकायचा.

मशीनला तो बुढ्ढी म्हणायचा.

यंदा बद्रीनाथ पुण्याचं एक प्रदर्शन बघून आला आणि त्याला हँडल या वस्तूचीच लाज वाटू लागली. नवी मशीन आवाक्याबाहेरची होती. पण जुन्या मशीनलाच मोटारी नि कॉम्प्युटर जोडून देणारा मिथुन नावाचा तरुण इंजिनिअर त्याला संभाजीनगरात सापडला. मिथुन आला, त्याने बुढ्ढीचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि विचारलं, "चाचा, टेबल सरकवणारा स्क्रू ठीक हाय ना? झिजला असंल तर आत्ताच बदलू."

"बिलकुल बराबर," रहमतुल्ला म्हणाला. "बावीस सालात एक जॉब वापस आला न्हाई."

यातलं दुसरं वाक्य खरं होतं.

स्क्रू झिजलेला होता, आणि हे जगात एकट्या रहमतुल्लाला माहीत होतं. हँडल उलट्या बाजूला फिरवलं की पहिला बोटभर फेरा रिकामा जायचा. हँडल फिरायचं, लोखंडाचा तुकडा बांधलेलं टेबल मात्र जागचं हलायचं नाही. म्हणून मागे यायचं असेल तर तो टेबल हवं त्याच्याही मागे नेई आणि मग पुढे आणून खुणेवर थांबवी. दर वेळी एकाच बाजूने. सुरुवातीला त्याने हे कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. नंतर त्याचीच उस्तादी झाली, आणि उस्तादी कुणी सांगत बसत नाही.

उद्घाटनाला 'संपूर्ण संगणकीकृत' असा फलक लागला. बद्रीनाथचे साडू कडूबा यांनी नारळ फोडून हिरवं बटण दाबलं. बुढ्ढी आपली आपण सरकू लागली, टाळ्या पडल्या, लोखंडात गोल उतरला. बद्रीनाथने त्यात बेअरिंग ठेवलं. ते बसेना. अंगठ्याने दाबलं, तळहाताने दाबलं, शेवटी हातोडी मागवली.

गोल अंड्यासारखा होता.

"जरासा लांबट हाय," कडूबा म्हणाले, "पर सफाई बघा की!"

दुसऱ्या दिवसापासून दुरुस्ती सुरू झाली. मिथुनचं पहिलं मत पडलं की अर्थिंग कच्चं आहे. विजेचा कचरा कॉम्प्युटरच्या डोक्यात जातो. मग वर्कशॉपामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ पडलं, कोळसा पडला, सकाळ-संध्याकाळ पाणी पडलं. जालन्यात माणसांच्या नळाला आठवड्याने पाणी येतं. तो खड्डा आठ दिवस न चुकता पाणी प्यायला. अंडं अंडंच राहिलं. मग तारा बदलल्या. मग कॉम्प्युटरमधला प्रोग्राम पुसून नवा घातला; नव्या प्रोग्रामने तेच अंडं जास्त वेगाने दिलं.

मग कडूबा म्हणाले, "मशीनचं तोंड दक्षिणेला हाय. मी उद्घाटनालाच बोलणार होतो, पर म्हणलं शुभ दिवस हाय."

सहा माणसांनी पहारी लावून बुढ्ढीचं तोंड पूर्वेला केलं. मशीन फिरली, तिच्याबरोबर अंडंही फिरलं. आता ते पूर्वेला लांबट होतं.

शेवटी मिथुनने शहाणपणाची गोष्ट केली. केसाइतका फरक दाखवणारं काट्याचं घड्याळ टेबलाला लावलं आणि म्हणाला, "मोटार बंद करतो. चाचा, तुम्ही हातानं टेबल मागं घ्या, मंग पुढं आणा. बघू खुणेवर येतंय का."

रहमतुल्लाने हँडल धरलं. या घटकेला सत्य बाहेर येणार हे त्याला कळत होतं, आणि येऊ दे, असंही मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं. पण मनगटाला कोण विचारतो? मनगट सवयीने खुणेच्या मागे गेलं, पुढे आलं आणि अलगद थांबलं. काटा शून्यावर. पुन्हा केलं, पुन्हा शून्य.

"स्क्रू एकदम ओके," मिथुनने वहीत लिहिलं.

बद्रीनाथने ती वही वाचली आणि हात जोडले. "बस झालं. सोमवारी भट्टीवाल्याचा ट्रक बोलवून राह्यलो. वजनावर आली, वजनावर जाईल."

शुक्रवारी नमाजनंतर रहमतुल्ला मस्तगड मोहल्ल्यातल्या आपल्या घरी जेवायला बसला, पण भाकरीचा तुकडा हातातच राहिला. बायकोने, नूरबीने, दोनदा विचारल्यावर त्याने सगळं सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"तो बोल देव ना," नूरबी म्हणाली.

"कैसा बोलूँ? सब बोलेंगे, रहमतुल्ला झूठा है."

"और नै बोले तो?"

"बुढ्ढी भट्टी में जाती."

नूरबीने सालनाची वाटी त्याच्यापुढे सरकवली. "मतलब इज्जत तुम्हारी, और जलना उसने. वा रे मर्द."

तो जेवण टाकून उठला.

वर्कशॉपात मिथुन आपल्या तारा गुंडाळत होता, बद्रीनाथ फलक उतरवायला स्टूल शोधत होता. रहमतुल्लाने घड्याळ पुन्हा टेबलाला लावलं, मिथुनचा हात धरला आणि हँडलवर ठेवला.

"तू फिरव. उलटं. माझ्यावानी नको, तुझ्यावानी."

मिथुनने फिरवलं. हँडल बोटभर फिरलं. काटा हलला नाही. मिथुनने हँडलकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, मग चाचांकडे.

"इस्क्रू झिजेल हाय," रहमतुल्ला म्हणाला. "पयल्यापासून. मी खोटं बोल्लो."

बद्रीनाथला राग यायला थोडा वेळ लागला, कारण आधी त्याला हिशेब आठवला.

"चाचा! आठ दिवस मी खड्ड्यात मीठ टाकून राह्यलो! तुम्ही तिथंच उभे होते!"

"बादली मीच भरून देत होतो, शेठ."

मिथुन एव्हाना खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसला होता. पडद्यावर एक चौकट होती; स्क्रूचा रिकामा फेरा किती, तो आकडा तिथे भरायचा, म्हणजे उलट येताना मोटार तेवढी जास्त फिरते. ती शून्य ठेवली होती, चाचांच्या शब्दावर.

"किती असंल, चाचा?"

रहमतुल्लाने डोळे मिटले, हवेत मनगट हलवलं. "पाऊण मिलीमीटर. वर एक केस."

मिथुनने आकडा टाकला. बावीस वर्षांची उस्तादी दशांशचिन्हासकट एका चौकटीत मावली. वर थोडी जागाही उरली.

पुढच्या गोलात बेअरिंग अंगठ्याने बसलं. बद्रीनाथने स्टूल जागेवर ठेवलं आणि हौसेने दुसरा तुकडा टेबलाच्या टोकाला बांधायला लावला. तिथे पुन्हा अंडं.

"तिथं बुढ्ढी कमी झिजली," रहमतुल्ला म्हणाला. "वापर मधातच झाला ना तिचा. टोकाचा आकडा अलग हाय."

"चौकट एकच हाय," मिथुन पुटपुटला.

नवा स्क्रू येईपर्यंत काम मधोमधच करायचं ठरलं, आणि मधला भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे टेबलावर कुठे लिहिलेलं नव्हतं. ट्रक परत पाठवला. गिऱ्हाइकांना बद्रीनाथ आता सांगतो की या मशीनला माणसाचा हात लागत नाही. सांगून होईपर्यंत रहमतुल्ला तुकडा जागेवर बसवतो, लाकडी हातोडीने दोन ठोके देतो आणि बाजूला सरकतो.

"मंग हे चाचा काय करत्यात?" वडीगोद्रीच्या एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"देखरेख," बद्रीनाथ म्हणाला.

महिनाभराने मिथुनचा फोन आला. दुसऱ्या गावी त्याने तशीच एक जुनी मशीन बदलली होती, तिथेही गोल लांबट येत होता.

"इथला ऑपरेटर शपथ घेऊन राह्यला, चाचा. काहीच बिघाड न्हाई म्हणतो."

"किती साल झाले त्याला मशीनवर?"

"अठरा."

रहमतुल्लाने मशीनचं बटण बंद केलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. "मंग त्याला चारचौघांत इचारू नको. चहाला बाहेर ने, इकडचं तिकडचं बोल. आधी म्हण, तुमचा हात लई साफ हाय. सांगंल तो. आणि सांगितल्यावर हसू नको."