दुर्वांत पुरलेली तार

बेंबळीत आमचं किराणा दुकान. गोळ्यांच्या बरण्या गल्ल्याला लागूनच, आणि लेक शाळेतून आली की थेट गल्ल्यावर. बायको ओरडायची, "तुम्ही बाप का वैरी?" मी म्हणायचो, "घरचाच माल हाय." सहाव्या वर्षी तिची वरची दुधाची दाढ किडली, गाल सुजला, आणि धाराशिवला नेऊन ती दाढ काढावी लागली. गोळ्यांइतका घरात खपणारा माल मी दुसरा ठेवला नव्हता.

काढून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं. "इथला पक्का दात यायला अजून चार-पाच वर्षं आहेत. तोवर बाजूचे दात या फटीत सरकतील." मग माझा चेहरा बघून सोपं केलं, "एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता ना? तसंच करायचंय." शेजारच्या दाढेला एक बारीक कडं आणि त्याला फटीएवढी तारेची कमान, असा तो रुमाल आठवड्यानं बसला. निघताना त्यांनी बजावलं, "ही तार निघाली तर लगेच या. दुखत नसलं तरी."

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं घर शेतात जेवायला होतं. भज्जी झाली, आंबील झाली, आणि शेवटी शेंगाच्या पोळीचा चिकट गूळ त्या कड्याला भिडला. लेक "पप्पा, हे बघा" म्हणत तळहात पुढं करून उभी. तळहातावर कडं, कमानीसकट.

"उद्याच जाऊन या," बायको म्हणाली.

"दुखतंय का गं?" मी लेकीला विचारलं.

"न्हाय."

"मग तारेचं काम झालं असंल. दुधाचा दात पडतो, तशी पडली."

पडलेला दुधाचा दात दुर्वांत पुरला की नवा दात दुर्वेसारखा भराभर आणि सरळ येतो, असं आमच्याकडं मानतात. मला हुरूप आला. विहिरीकडच्या बांधावर दुर्वा उकरल्या आणि ती तार पुरायला बसलो. आई म्हणाली, "आरं, दात पुरत्यात दुर्वांत. लोखंड कुणी पुरतंय व्हय?" मी वर तांब्याभर पाणीही घातलं. लेक टाळ्या वाजवत होती. धाराशिव उद्यावर गेलं. माझा उद्या केवढा असतो, ते बायकोला विचारा.

घरच्या कार्यात जेवणं झाली की गोष्ट सांगायचं काम माझ्याकडं असतं. त्यात 'तारेचं पीक' सगळ्यात जोरात चालायची. बारशाला चालली, साखरपुड्याला चालली. लेक मांडीवर बसून पुस्ती जोडायची, "आन पानीबी घातलं!" मी सांगायचो ती माझीच फजिती. स्वतःलाच हसणारा माणूस कुणाचं काय वाईट करणार, असं मला वाटायचं.

गेल्या वर्षी सास्तूरला भाच्याच्या लग्नात फर्माईश झाली, "मामा, तारेचं पीक होऊन जाऊ द्या." लेक तेव्हा बारा वर्षांची. मी सुरू केलं. आंबील आली, गूळ आला, आईचं लोखंड आलं, आणि मांडव हसून लोळला. लेकही हसली, पण तळहात तोंडावर घट्ट धरून. शेजारच्या पोरीनं तिला कोपरानं ढोसलं, "दुमजली, हात काढ की!"

माझी गोष्ट तिथंच अडली. बाजूचे दात फटीत सरकून वरच्या सुळ्याला जागा उरली नव्हती, म्हणून तो हिरडीत उंच, बाकीच्या दातांच्या डोक्यावर चढून आला होता. रोज समोर बसून जेवणाऱ्या लेकीचा तो दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

परत येताना विचारलं, "शाळेतबी असंच म्हणतेत का?"

"व्हय."

"कधीपासून?"

"सहावीपासून."

"मग मला का न्हाय सांगितलं?"

"तुम्ही त्याचीबी गोष्ट केली असती."

दुसऱ्याच दिवशी तिला धाराशिवला नेलं.

डॉक्टरीणबाई त्याच होत्या. "तार निघाली तेव्हा का नाही आलात?" त्यांनी विचारलं. गोष्टीचं ठरलेलं पहिलं वाक्य तोंडाशी आलं होतं. ते गिळलं आणि "चुकलं," म्हणालो. सुळ्याला जागा करायची तर एक पक्का दात काढावा लागणार होता, आणि मग दोनेक वर्षं तारा.

"तो किडलाय का?" लेकीनं विचारलं.

"नाही गं, चांगला आहे."

"चांगला हाय, तरी काढायचा?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार. कागदावर सही मी केली.

दात काढायच्या दिवशी तिच्यामागं आत निघालो तर ती दारात थांबली. "तुम्ही भायेरच बसा, पप्पा. आत आलात की मला हसवायला बघता."

मी बाकावर बसलो. आतून रडण्याचा आवाज येईल म्हणून कान लावला होता. तो आलाच नाही. ती बाहेर आली तेव्हा दातांत कापसाचा बोळा दाबलेला, बोलायला मनाई. मला रडू आवरेना. बाकावरची माणसं बघायला लागली. तिनं माझी बाही ओढली, त्या माणसांकडं डोळ्यांनी खूण केली, आणि पायऱ्या उतरून मोटरसायकलजवळ जाऊन उभी राहिली, पाठमोरी, माझं आवरेपर्यंत.