दसऱ्याच्या ताटातले रॉकर

हे मी कोणालेच सांगितलं नाही. माह्या तोंडात तीळ भिजत नाही, सारं मुकुटबन जाणते— तरी ही एक गोष्ट मी दाबून ठेवली.

माह्ये मालक ट्रॅक्टरचे मिस्तरी. मी बी त्यायले मिस्तरीच म्हणते. हात सोन्याचा, पण तोंड! मीठ-साखरेचे डबे जरासे इकडचे तिकडे झाले की सुरू— "अवं, वस्तू जागच्या जागी ठेवाले काय लागते? मी आख्खं इंजिन खोलतो, एक तुकडा तरी हलते का?" तेही शेजारणीसमोर! तुमीच सांगा, राग येईन का नाही?

तर दसरा होता. देवरावभाऊचं ट्रॅक्टर खोललेलं. इंजिनाच्या डोक्यात रॉकर असतात, व्हॉल्व्ह दाबणारे लोखंडाचे छोटे दांडे. हरेकाची झीज आपापल्या जागेची, म्हणून काढले तसेच ओळीनं बसवा लागतात. मिस्तरीनं ते पेपरावर ओळीनं मांडले आन् पॅकिंग आणाले पांढरकवड्याले गेले.

आन् मी? दसऱ्याले अवजारं पुजतो आमी. पाने धुतले, हातोडी धुतली— मंग हे बिचारे रॉकर काहून तेलकट ठेवाचे? डिझेलनं घासले, ताटात गोल मांडले, मधात झेंडू. एकेकाले कुंकू लावलं. काय दिसत होतं बाप्पा ते ताट! मी एकटीच खूश होऊन पाहत बसली.

मंग पेपराकडे नजर गेली. रिकामा. तेलाचे डाग तेवढे, ओळीनं.

धडपडत कुंकू पुसलं, पुन्हा तेल चोपडलं, हाताले आले तसे रॉकर पेपरावर ठेवले. सांगता आलं असतं का? आलं असतं की. पण नाही सांगितलं. मिस्तरीनं येऊन विश्वासानं बसवले. इंजिन सुरू केलं— टिकटिक, टिकटिक. टॅपेट जुळवले, म्हणजे रॉकर-व्हॉल्व्हमधली फट; पुन्हा खोललं, पुन्हा बसवलं. टिकटिक काही जाईना. शेवटी डोक्याले हात लावून बसले. देवरावभाऊले सोताच म्हणाले, "भाऊ, ओळ माह्याच हातानं चुकली." न केलेली चूक, आन् कशी झटक्यात कबूल केली माणसानं!

आन् मी— मले हसू आलं. खरं तं हेच सांगाचं होतं. चुलीपाशी जाऊन, पदर तोंडात कोंबून हसली मी. जिरली म्हटलं!

तवापासून डब्यांवरून बोलणं बंद. उलट इंजिन खोललं की मलेच हाक— "ये वं, जवळ बस, तुह्यं ध्यान चांगलं हाये." मी बसते. एकेक रॉकर त्यायच्या हातात देते, कोणता कुठला ते सांगते. चहा होते, गप्पा होतात, थट्टा होते. संसार आमचा मिस्तरीच्या कामाच्या टिनाच्या शेडातच सुरू झाला म्हणा ना. लय सुखाची हावो मी, खोटं कशाले बोलू?

देवरावभाऊ बी खूश. मिस्तरी म्हणतात, आणा, फुकट नीट करून देतो. तर ते देतच नाहीत. वळणावर टिकटिक ऐकू आली की भाऊ आले समजून त्यायची बायको चहा ठेवते म्हणे.

काल तेच ट्रॅक्टर कापूस भरून दारावरून गेलं. मिस्तरीनं कप खाली ठेवला, माह्याकडे पाहून हसले. म्हणाले, "माह्यी चूक चालली पाह्य."

मी म्हटलं, "हाव."