बोंडूची शिकवणी

दुपारचं जेवण झाल्यावर जनार्दन पेडणेकर पडवीतल्या खाटेवर आडवा होतो, तेव्हा झोपायचा त्याचा विचार नसतो. संध्याकाळी धाकटा भाऊ मधू जीप घेऊन बोंडूला न्यायला येणार आहे. तोवर नुसतं पडून राहावं, एवढंच. बोंडू खाली पायरीवर बसलेला आहे, फाटकाकडे तोंड करून. काजूच्या पिकलेल्या बोंडासारखा तांबूस पिवळा कुत्रा. जनार्दनच्या बायकोला, सुहासिनीला, तो काजूच्या झाडाखाली सापडला होता, पिल्लू असताना, आणि नाव तिनंच ठेवलं होतं.

सुहासिनी गेली त्यानंतर बोंडू असाच फाटकाशी बसायचा. एका संध्याकाळी जनार्दनने त्याचा पट्टा धरून त्याला घरात ओढला आणि तो चावला. मनगटावर टाके पडले. मग दूधवाल्यावर धावून गेला, शेजारच्या काकूंवर गुरगुरला. लोक म्हणाले, सोडून द्या कुठेतरी. सावंतवाडीहून मर्लिन डिसोझा नावाची मुलगी यायला लागली. अशाच बिघडलेल्या कुत्र्यांना ती शिकवते, न मारता, न ओरडता. तिनं सांगितलं, "काका, गुरगुरला तर रागवू नका. जवळ येऊ नका, एवढंच तो सांगतोय. ते सांगणं तुम्ही बंद केलंत तर पुढच्या वेळी न सांगताच चावेल." तेव्हापासून जनार्दन रोज अंगणात तिरका बसतो, नजर दुसरीकडे ठेवतो आणि बोंडू शांत राहिला की सोड्याचा तुकडा टाकतो. सुकी कोळंबी बोंडूच्या जिवाची आवडती. तो येतो, तुकडा उचलतो आणि परत जातो. त्या चाव्यानंतर जनार्दनचा हात त्याच्या अंगाला लागलेला नाही.

आज सकाळी मधूचा फोन आला आणि जनार्दनच्या तोंडून हो निघून गेलं. मधूच्या बागेत कुत्रा साखळीला बांधून ठेवतात.

माडांच्या झावळ्या हलतात. त्यांचा आवाज जवळ येतो, लांब जातो, आणि लांब जाताना बसच्या इंजिनाचा होतो.

वेंगुर्ल्याचा स्टँड आहे. जनार्दनने नोकरीभर जिथं गाड्या दुरुस्त केल्या तोच, पण फलाटावर पावलं बुडतील इतकी वाळू आहे. सुहासिनी खांबाला टेकून उभी आहे. हिरव्या काठाची साडी, खांद्याला पिशवी.

"सुहास," म्हणत तो तिच्याकडे धाव घेतो.

ती खांबाशी नसते. पलीकडच्या फलाटावर असते, आणि तो फलाट म्हणजे हॉस्पिटलचा पांढरा बोळ आहे. तो बोळातून झपाझप चालतो. ती टोकाशी उभी राहून त्याच्याकडे बघते आणि तो जवळ आला की मागं सरते. रागानं नव्हे. घाबरल्यासारखी.

"अगं, मी आहे."

"दिसतंय हो," ती म्हणते, आणि तिथंही नसते.

बोळ संपतो आणि समुद्र येतो. ती पाण्याच्या कडेला आहे. जनार्दनला दम लागलाय. परत धावावं असं त्याच्या मनात येतं, पण पाय थांबतात. तिच्याकडे पाठही नाही आणि तोंडही नाही, असा तो तिरका होतो आणि ओल्या वाळूत बसतो. समुद्राकडे बघत राहतो. खिशात हात घालतो, सोड्याचा तुकडा निघतो. तो बाजूला वाळूवर ठेवतो आणि हात मागे घेतो.

बराच वेळ नुसत्या लाटा येतात. मग तिच्या बांगड्या वाजतात.

"मला सोडे घालताय होय?"

त्याला हसू येतं. तो वळत नाही. ती शेजारी येऊन बसते, अंगाला अंग लागणार नाही अशी.

"हात बघू," ती म्हणते. तो मनगट पुढं करतो. ती वाकून बघते, हात लावत नाही. "फार दुखलं?"

"तेव्हा नाही. नंतर. तू नव्हतीस, आणि तोही माझा राहिला नाही."

"तुम्ही पट्टा धरून ओढलंत त्याला."

"अंधार पडत होता. तो फाटक सोडेना."

"माझी वाट बघत होता तो. आणि तुम्ही?"

"मी आत बसलो होतो."

"तुम्हाला कुणी नाही ओढलं?"

"सगळ्यांनीच ओढलं. जेवा म्हणून, बाहेर पडा म्हणून, मुलीकडे जाऊन राहा म्हणून."

"मग तुम्ही काय केलंत?"

जनार्दन विचार करतो. "गुरगुरलो," तो म्हणतो.

ती हसते. हसताना समुद्राचं पाणी त्यांच्या पायाशी येतं. ते पाणी अंगणातलं आहे, नळाखालचं, आणि पायाखाली पडवीची थंड लादी आहे.

"शिकवणी कुठवर आलीय?"

"तुकडा घेतो नि जातो. हात लावू देत नाही."

"मग तुम्ही लावू नका. त्याला लावू द्या."

"मधू येतोय संध्याकाळी."

त्याला तिचा हात धरावासा वाटतो. बोटं उचलली जातात.

"मलाही नको," ती हळूच म्हणते. "अशीच बसते थोडा वेळ. चालेल ना?"

"चालेल," तो म्हणतो. बोटं खाली ठेवायला त्याला फार जड जातं, पण तो ठेवतो. शेजारी ती आहे. बघितलं नाही तरी कळतं, इतकी आहे.

हॉर्न वाजतो.

जनार्दन डोळे उघडतो. उन्हं उतरलीत. फाटकाबाहेर मधूची जीप उभी आहे. बोंडू पायरीवर उभा राहून बारीक गुरगुरतोय. जनार्दन त्याला गप्प करत नाही.

उठायला म्हणून तो खाटेवर हात टेकतो आणि तसाच थांबतो. त्याच्या शेजारची जागा उबदार आहे. सतरंजी तिथं गोल दबलीय आणि तिच्यावर तांबूस पिवळे केस चिकटलेत.

"दादा," मधू हाक मारतो, "येऊ का आत? दोरी आणलीय."

"दोरी गाडीतच ठेव," जनार्दन म्हणतो. "तो कुठं जात नाही. आलोच मी."

पण तो लगेच उठत नाही. तळहात उबेवर ठेवून बसून राहतो.