आजारी माणसाचा निरोप

मकास्सर शहरातून निघालेली आमची गाडी दिवसभर घाट चढत होती आणि शेजारी आई दिवसभर गप्प होती. बाबा गेल्यापासून ती अशीच. बाबा आयसीयूत असताना ती अंघोळीपुरती मुलुंडला घरी आली आणि तेवढ्यात ते गेले. तेव्हापासून ती ना रडली, ना तिने त्यांचा विषय काढला. मला या गप्प राहण्याची भीती वाटायला लागली होती. म्हणून हवापालटाला मी तिला उचलून थेट इंडोनेशियातल्या तोराजाच्या डोंगरांत आणलं. नातेवाइकांनी मला वेड्यात काढलं, ते सोडा.

संध्याकाळी एका वळणावर पहिलं गाव दिसलं. दोन्ही टोकं आभाळाकडे उचललेल्या छपरांची लाकडी घरं (तोंगकोनान), दारच्या खांबावर एकावर एक रचलेली रेड्यांची शिंगं, आणि खाली भातखाचरात निवांत डुंबणारे जिवंत रेडे. आईने काच खाली केली.

"कणकवलीसारखोच वास येता गो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवायला बांबूच्या नळीत शिजवलेली कोंबडी (पापिओंग) होती. मालवणी मसाल्यावर वाढलेल्या मुलीला मिरची काय करणार, या तोऱ्यात मी तिथली चटणी चमचाभर तोंडात टाकली आणि माझी वाट लागली. आईने पाण्याचा ग्लास पुढे केला.

आमचा वाटाड्या योहानिस मग आम्हाला त्याच्या मावशीकडे घेऊन गेला. दाराशी थांबून म्हणाला, "मावशीचे यजमान आजारी आहेत. त्यांना भेटावं लागेल." ते वारून वर्ष होत आलं होतं. पण इथे अंत्यविधी होईपर्यंत माणसाला मेलेला म्हणत नाहीत, आजारी (तो माकुला) म्हणतात. लांब गेलेली मुलं परतेपर्यंत, अंत्यविधीत बळी द्यायचे रेडे जमेपर्यंत औषध लावलेला देह घरातच असतो. आईला नेमकं इथेच आणायचं होतं?

"आई, आपण बाहेरच बसू या का?"

"इलव तर भेटूया. आजारी माणसाक न भेटता जातत काय?"

आतल्या खोलीत लाल कापडाखाली ते निजले होते. मावशींनी उशाशी कॉफी ठेवली आणि भारतातून पाहुणे आल्याचं त्यांना सांगितलं. आईने साखरेचा पुडा ठेवून हात जोडले. आमचीही कॉफी झाली. मग आई उठली आणि एक शब्द न बोलता, मागे न बघता जिना उतरली.

मावशींचा चेहरा पडला. त्या योहानिसला काहीतरी म्हणाल्या. त्याने मला विचारलं, "मावशीचं काही चुकलं का? तुमची आई तिच्या यजमानांना न सांगताच गेली."

मी खाली धावले. आई एक चप्पल घालून उभी होती.

"अगो, मेलेल्याच्या घरातसून 'येतंय' म्हणूचा नसता," ती म्हणाली.

"त्यांच्यासाठी ते गेलेले नाहीत ना, आई. आजारी आहेत."

तिने जिन्याकडे बघितलं. मग चप्पल काढून वर गेली, त्यांच्या उशाशी बसली, लाल कापडाची सुरकुती हाताने सारखी केली.

"येतंय हा मी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "त्या दिवशी सांगूक गावूक नाय. आता सांगतंय. येतंय हा."

मग ती मोठमोठ्याने रडली. मावशींनी तिचा हात धरून ठेवला. दारात उभी राहून मीही रडून घेतलं, लाजबीज सगळी बाजूला ठेवून.

तोराजाचं सगळंच मला पटलं असं नाही. रेड्यांचा बळी माझ्याच्याने बघवणार नाही. पण आपल्याकडे माणूस गेला की जो तो 'आटपा, आटपा' करतो. निरोपाला वेळ देणारी ती माणसं मला फार आवडली.

मुलुंडला परतल्यावर शेजारच्या काकू फोटो बघायला आल्या. "बाई गं, मेलेल्या माणसाशी बोललात? भीती नाही वाटली?"

"भीती कसली गो?" आई म्हणाली. "दोघांका एकदम सांगान इलंय."