बैलापुढचा विदूषक

कुवेतच्या शुवैख बंदरातल्या आमच्या कचेरीत चहा देणारे चाचा रत्नागिरीकडचे. पन्नास सालच्या सुमारास ते जहाजावर खलाशी होते आणि तेव्हा अमेरिकेतलं एक काउबॉयांचं शहर पाहून आले होते. आम्हा कारकुनांना गावी जायची रजा मिळायची मारामार, पण चाचा चहा ठेवताना अशा थाटात सांगत, जणू आम्ही उद्याच तिकडे निघालोय.

"गुरांचा बाजार बघा. टोप्यांचं दुकान बघा, पण घेऊ नका, लुटतात. आणि बैलाच्या खेळातला विदूषक चुकवू नका हां! बैलाच्या पाठीवरचा स्वार खाली पडला की तो मुद्दाम बैलापुढे नाचतो. बैल त्याच्यामागं, स्वार सुटला!"

एकदा माल उशिरा उतरला आणि साहेब माझ्यावर धावून आले. "उद्याच मुंबईची बोट धर!" तेवढ्यात त्यांच्या पायाशी चाचांचा ट्रे खळ्ळकन पडला. साहेब वळले ते चाचांवरच तुटून पडले. ओरडून ओरडून दमले आणि मला विसरले.

दुपारी मी आभार मानायला गेलो.

"कसले आभार? हात थरथरतात हो आता, वय झालं," चाचा म्हणाले, आणि काठोकाठ भरलेल्या पेल्यांचा ट्रे एका हातावर तोलत, थेंबही न सांडता जिना चढून गेले.